वऱ्हाडांतील लोहमार्गाची जमीन : करार, मोबदला व कागदपत्रें

[१] वऱ्हाडांतील जुन्या घराण्यांचीं दफ्तरें चाळीत असतां सनदा, महजर, ताकीदपत्रें व निवाडे यांच्या खालीं इंग्रजी अमलांतील कागदांचा एखादा गठ्ठा बहुधा सांपडतो. संग्राहक हे कागद अलीकडचे म्हणून बाजूस सारतात. कित्येकदां ते रद्दींतही जातात. या गठ्ठ्यांत शेताचा कांहीं भाग आगगाडीच्या कामांत गेल्याविषयींच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, आकार कमी झाल्याचीं पत्रकें व भाऊबंदांतील वाटणीच्या तक्रारी असूं शकतात. अशा कागदांची योग्यता काय व ते कसे वाचावे, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. लोहमार्गाखालची जमीन कोणाची होती, ती कोणीं व कोणत्या अधिकारानें दिली, आणि तिचा पैसा कोणास मिळाला, हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु १८५३ नंतरच्या वऱ्हाडांत ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ काय, या मोठ्या प्रश्नाशीं ते जोडलेले आहेत.

[२] प्रथम राजकीय स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. ता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोंसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला व तेथील जुनी दुअमली संपली. पुढें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या पगाराची बाकी तुंबल्यामुळें निजाम नासिरुद्दौला यानें मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशीव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं लावून दिले. १८६० च्या तहानें धाराशीव व रायचूर दुआब परत गेले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चाची तजवीज म्हणून इंग्रजांच्या हातीं राहिला. या दोन्ही तहांनीं कारभार इंग्रजांकडे गेला, परंतु निजामाचें स्वामित्व नष्ट झालें नाहीं. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या सरकारी नांवांतच ही गोष्ट नमूद आहे. प्रांतावरचा वरिष्ठ अधिकार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे असून पूर्व वऱ्हाडाचें ठाणें अमरावती व पश्चिम वऱ्हाडाचें अकोला होतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत सालीना २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा ठरला, १९०३ सालीं प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला, आणि १९३६ च्या करारांतही निजामाचें नाममात्र स्वामित्व पुन्हां मान्य झालें. लोहमार्ग आला तो या पट्ट्याच्या पूर्वीं, प्रांत नुसता लावून दिलेला असतांना. हें विसरतां कामा नये.

[३] मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फांटा भुसावळाहून पूर्वेस वळला, आणि मलकापूर, नांदुरा, शेगांव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा व धामणगांव या ठिकाणांवरून वर्धा नदी ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचला. या एकाच मार्गाखालीं तीन प्रकारच्या मुलखांची जमीन आली. खानदेश पेशवाईच्या अखेरीस, म्हणजे १८१८ सालीं, इंग्रजांचा झालेला. वऱ्हाड निजामाचा, पण इंग्रजांच्या कारभारांतला. आणि वर्धेपलीकडचा नागपूर प्रांत तिसऱ्या रघूजीच्या निधनानंतर १८५४ सालीं खालसा केलेला. जमीनधाऱ्याची पद्धतही सारखी नव्हती. खानदेशांत व वऱ्हाडांत सरकारशीं संबंध थेट रयतेचा. वर्धा-नागपूर भागांत मालगुजाराचा. त्यामुळें एकाच कंपनीच्या एकाच रुळासाठीं वर्धेच्या अलीकडे ज्याच्या नांवें कागद निघे, त्याच दर्जाच्या माणसाच्या नांवें तो पलीकडे निघेलच असें नाहीं. संग्राहकानें कागद हातीं घेतांच तो नदीच्या कोणत्या तीरावरचा आहे हें आधीं पाहावें.

[४] आतां कराराकडे वळूं. या कंपनीची स्थापना १८४९ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें झाली व त्याच वर्षाच्या ऑगस्टांत तिचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई व ठाणें यांच्या दरम्यान जी गाडी धांवली ती याच करारावर. आणि पुढील फांटेही याच धर्तीच्या करारांवर बांधले गेले. कराराचीं मुख्य कलमें थोडक्यांत अशीं. लोहमार्गास लागणारी जमीन सरकारनें विनामूल्य द्यावी व ती कंपनीकडे ९९ वर्षें राहावी. कंपनीनें भरलेल्या भांडवलावर सरकारनें शेंकडा ५ व्याजाची हमी द्यावी. टपाल कंपनीनें फुकट न्यावें. फौज व सरकारी सामान सवलतीच्या दरानें न्यावें. ठरलेल्या मुदतीनंतर, म्हणजे २५ किंवा ५० वर्षांनीं, भागांच्या बाजारभावाच्या सरासरीनें मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारचा. ९९ वर्षें पुरीं भरल्यास जमीन व तीवरचें पक्कें काम मोबदल्यावांचून सरकारांत जमा. गाड्या व यंत्रें यांची किंमत मात्र देणें.

या कलमांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कंपनीस जमीन ‘बक्षीस’ किंवा ‘इनाम’ मिळाली नाहीं. इनामाच्या सनदेंतील वंशपरंपरेचा अथवा दानविक्रयाचा अधिकार येथें मुळींच नाहीं. विशिष्ट कामापुरता व विशिष्ट मुदतीपुरता उपभोग, एवढाच तिचा अर्थ होता. तिची तुलना करावयाची तर ती मिराशीशीं किंवा इनामाशीं न करतां बिनसाऱ्याच्या मुदतबंद पट्ट्याशीं करावी.

[५] याच काळीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत लोहमार्गांस जमीन देण्याची जी पद्धत चालू होती ती अगदीं निराळी होती. दोन्ही ठिकाणीं ‘सरकारनें रेल्वेस जमीन दिली’ असेंच म्हणतात, म्हणून भेद दाखविणें अवश्य आहे. तेथें १८५० सालीं इलिनॉय सेंट्रल मार्गासाठीं पहिली मोठी देणगी झाली. तिचें क्षेत्र सुमारें २६ लक्ष एकर होतें. पुढें १ जुलै १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यानें दर मैलामागें १० चौरस मैल जमीन कंपन्यांस देऊं केली व १८६४ सालीं हें प्रमाण दुप्पट, म्हणजे २० चौरस मैल, केलें. ही जमीन रुळाखालची नव्हे. रुळासाठीं दोहों बाजूंस दोनदोनशें फुटांची पट्टी १८६२ च्या कायद्यानें वेगळीच दिली होती. मार्गाच्या दोन्ही अंगांस वीसवीस मैलांपर्यंतच्या मुलखाचे एकेक मैलाचे चौकोन पाडून त्यांपैकीं विषम अंकांचे कंपनीस व सम अंकांचे सरकारकडे, असा हा बुद्धिबळाच्या पटासारखा विभाग होता. कंपनीनें आपले चौकोन विकून किंवा गहाण टाकून भांडवल उभें करावें, व मार्ग झाल्यानें सरकारच्या उरलेल्या चौकोनांची किंमत चढावी, हा त्यांतील हिशेब. १८५० पासून १८७१ पर्यंत संयुक्त सरकारनें अशा रीतीनें दिलेली जमीन सुमारें १३ कोटि एकर भरते. त्या बदल्यांत सरकारी वाहतुकीस दरांत जी सवलत घेतली ती १९४६ पर्यंत चालली.

वऱ्हाडाच्या मानानें हें प्रमाण केवढें, तें साध्या गणितानें कळेल. मलकापुराच्या अलीकडून वर्धा नदीपर्यंत हा मार्ग वऱ्हाडांतून सुमारें दीडशें मैल जातो. १०० फूट रुंदीची पट्टी धरली तर दर मैलास सव्वाबारा एकरांच्या आंत जमीन लागते. दीडशें मैलांस १,८०० एकरांच्या जरा वर. स्टेशनें, मुरमाच्या खाणी व कामगारांच्या चाळी यांसाठीं हा आंकडा वाढवून धरला, तरी तो कांहीं हजार एकरांपलीकडे जात नाहीं. हेंच १८६४ च्या अमेरिकन प्रमाणानें धरल्यास दीडशें मैलांस ३,००० चौरस मैल, म्हणजे १९ लक्ष २० हजार एकर, द्यावे लागले असते. सबंध वऱ्हाडाचें क्षेत्र सुमारें १७,७०० चौरस मैल. म्हणजे प्रांताचा सहावा हिस्सा कंपनीच्या घशांत गेला असता, आणि तोही पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या कापसाळ जमिनीचा.

[६] असें येथें कां झालें नाहीं ? सरकारचा उदारपणा किंवा कंपनीचा संतोष हें त्याचें कारण नव्हे. अमेरिकेंत कायद्याच्या दृष्टीनें ती भूमि ‘मोकळी’ होती. वस्तुतः तेथें मूळच्या लोकांच्या जमाती राहत होत्या, आणि १८६२ च्या कायद्यांतच त्यांचे हक्क होईल तितक्या लौकर नाहींसे करण्याची सरकारनें हमी दिली होती. तेव्हां ती देणगी सरकारनें दिली असली तरी तिची किंमत त्या लोकांनीं मोजली. पयनघाटांत तशी ‘मोकळी’ भूमि नव्हतीच. गांवोगांव पाटील-पटवाऱ्यांचें वतन, देशमुख-देशपांड्यांचे हक्क, मशिदी व देवस्थानें यांचीं इनामें, बलुत्यांच्या जमिनी आणि रयतेची वहिवाट यांनीं जमिनीचा प्रत्येक तुकडा अडकलेला होता. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या धर्तीवर मोजणी व रयतवारी जमाबंदी सुरू झाल्यावर हे हक्क सर्व्हे नंबरांच्या रूपानें कागदावर पक्के झाले. अशा मुलखांत चौकोनांचा पट मांडणें अशक्यच होतें.

पडीत जमीन वऱ्हाडांत नव्हती असें नाहीं. विशेषतः घाटावर व वणीच्या बाजूस ती पुष्कळ होती. परंतु ती १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांप्रमाणें गांवें वसवणाऱ्या इजारदारांस देण्यांत आली. यवतमाळ जिल्ह्यांतील इजारा गांवांचें मूळ तेंच. अमेरिकेंत वसाहत व लोहमार्ग या दोन कामांसाठीं एकच देणगी वापरली गेली. वऱ्हाडांत वसाहतीसाठीं इजारा व लोहमार्गासाठीं करार, असे दोन वेगळे कागद झाले. हा भेद जाणल्यास इजाऱ्याच्या पट्ट्यांची आणि लोहमार्गाच्या कागदांची गल्लत होणार नाहीं.

अमेरिकेंत कंपनीस भांडवल जमिनीनें मिळवून दिलें; येथें तें व्याजाच्या हमीनें मिळालें. भागीदारांस ५ टक्के मिळण्यास मार्गाचें उत्पन्न अपुरें पडेल तेव्हां तूट सरकारी महसुलांतून भरावयाची होती. हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेच्या एकंदर हिशेबांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुधा तूटच येत गेली. तेव्हां येथें जमीन थोडी गेली, म्हणून लोहमार्ग प्रजेस स्वस्त पडला, असा निष्कर्ष काढूं नये. तेथें जें एकरांनीं दिलें, तें येथें शेतसारा व मिठाचा कर भरणाऱ्यांनीं रुपयांनीं दिलें.

[७] जमीन घेण्याची रीत कोणती ? ब्रिटिश हिंदुस्थानांत सार्वजनिक कामासाठीं जमीन घेण्याचा सर्वसाधारण कायदा १८५७ सालचा सहावा. त्यांत कलेक्टरानें मोबदला सांगावा व तो मान्य न झाल्यास पंचांकडे तंटा न्यावा, अशी योजना होती. १८७० च्या दहाव्या कायद्यानें पंचांची पद्धत जाऊन तंटे कोर्टाकडे व असेसरांकडे गेले. १८९४ च्या पहिल्या कायद्यानें असेसरही गेले. बाजारभावावर शेंकडा १५ अधिक देण्याचा नियम मात्र त्यांतही होता. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा अमलांत येईपर्यंत चालला.

परंतु वऱ्हाड हा कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. तेथें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरलच्या हुकुमानें व जाहिरनाम्यानें ते लागू करावे लागत. म्हणून वऱ्हाडच्या कागदांत केवळ कायद्याचें साल पाहून भागत नाहीं. तो वऱ्हाडास लागू झाल्याचा जाहिरनामा कोणता, हें पाहावें लागतें. कागदांत ‘पंच’ हा शब्द असेल तर जुनी रीत, ‘असेसर’ असेल तर मधली, ही खूण उपयोगी असली तरी ती एकटी पुरेशी नाहीं.

[८] मुख्य मार्गानें दोन मोठ्या पेठा बाजूस टाकल्या. अमरावती बडनेऱ्यापासून सुमारें ६ मैल व खामगांव जलंबापासून सुमारें ८ मैल दूर राहिलें. लोहमार्गापूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या तांड्यांवर मिर्झापुरापर्यंत जात असे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालू असतां तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाचें मोल एकाएकीं चढलें. या दोन पेठांस रूळ जोडणें त्यामुळें निकडीचें झालें. खामगांवचा फांटा १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें उघडला व अमरावतीचा १८७१ सालीं सुरू झाला. हे दोन्ही फांटे हमीच्या कंपनीनें न बांधतां सरकारनें स्वतः बांधले. म्हणून त्यांस ‘स्टेट रेल्वे’ म्हणत. या फांट्यांखालची जमीन ९९ वर्षांच्या कराराची नव्हे. ती सरकारनें आपल्याच कामासाठीं घेतली. बडनेऱ्याच्या शिवारांतील दोन शेजारच्या शेतांचे कागद त्यामुळें भिन्न स्वरूपाचे असूं शकतात. एक मुख्य मार्गाचा, दुसरा फांट्याचा.

तिसरा प्रकार पुढचा. एलिचपूर, मूर्तिजापूर व यवतमाळ यांस जोडणारा अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनें १९१० नंतरच्या वर्षांत बांधला. किलिक निक्सन ही तिची चालक पेढी. सरकारनें १८९३ व १८९६ सालीं शाखामार्गांसाठीं ज्या अटी जाहीर केल्या होत्या त्यांत जमीन विनामूल्य देण्याची अट होती. अशा कंपन्यांचा उगम त्या धोरणांत आहे. वऱ्हाडांत ‘शकुंतला’ या नांवानें प्रसिद्ध झालेला हा मार्ग स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीचा राहिला. उलट जी. आय. पी. चा मुख्य मार्ग १९०० सालीं सरकारनें विकत घेतला, १९२५ च्या जुलैपासून त्याचा कारभारही सरकारनें आपल्याकडे घेतला, व १९५१ सालीं तो मध्य रेल्वेंत आला. म्हणजे मूळ करारांतील ९९ वर्षें भरण्याची वेळच आली नाहीं.

[९] आतां संग्राहकांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी सांगतों.

पहिली, सनाची. मोडी कागदांत फसली सन असल्यास त्यांत ५९० मिळवावे. जानेवारीपासून मृगापर्यंतची मिति असल्यास ५९१. उदाहरणार्थ, फसली १२७३ म्हणजे १८६३ च्या मृगापासून १८६४ च्या मृगापर्यंतचें साल. शुहूर सन असल्यास हें गणित चालणार नाहीं. तेथें ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. नऊ वर्षांची चूक येथें सहज होते, आणि लोहमार्गाच्या कामांत नऊ वर्षांनीं सगळाच संदर्भ बदलतो.

दुसरी, जमिनीच्या वर्णनाची. मोजणीपूर्वींच्या कागदांत शेत त्याच्या नांवानें व चतुःसीमांनीं ओळखलें जातें. मोजणीनंतर सर्व्हे नंबरानें. ज्या कागदांत दोन्ही एकत्र येतात तो विशेष मोलाचा. कारण जुन्या सनदेंतील शेत आजच्या नकाशावर कोठें बसतें हें त्यावरून ठरवितां येतें. लोहमार्गाची पट्टी जागची हालत नसल्यामुळें तिच्या आधारानें लोपलेल्या पांदी, ओढे व शिवेच्या खुणा मांडतां येतात.

तिसरी, मोबदला घेणाऱ्याची. पैसा वहिवाटदार रयतेस मिळाला कीं इनामदारास, कीं दोघांत वांटला गेला, हें टिपून ठेवावें. इनाम जमिनीचा मोबदला रोख झाला म्हणजे इनामाचा तेवढा अंश जमिनीवरून सुटला. देवस्थानाच्या नंदादीपाची किंवा मशिदीच्या खर्चाची तजवीज त्यामुळें पुढें कशी चालली, हें समजण्यास ही पावती हाच आधार.

चौथी व सर्वांत महत्त्वाची, खात्याची. जमिनीचा पैसा व सोडलेला सारा कोणत्या खात्यावर टाकला, हें ज्या कागदांत असेल तो जपून ठेवावा. १८५३ च्या तहाप्रमाणें वऱ्हाडच्या उत्पन्नांतून फौजेचा व कारभाराचा खर्च वजा जातां उरलेली शिल्लक निजामास मिळावयाची होती. तेव्हां प्रांताच्या खात्यावर पडलेला प्रत्येक रुपया त्या शिल्लकींतून कमी होई. कारभाराचा खर्च अतोनात होतो, ही सर सालारजंगाच्या बाजूची एक मोठी तक्रार होती, आणि वऱ्हाड परत मिळावा म्हणून त्यानें १८७६ सालच्या विलायतेच्या प्रवासापर्यंत खटपट केली. लोहमार्गाच्या जमिनीचा हिशेब या वादाचा एक लहानसा, परंतु तपासून पाहतां येणारा भाग आहे. एखाद्या पटवाऱ्याच्या घरची जीर्ण पावती तेथें रेसिडेंटाच्या अहवालाइतकीच साक्ष देऊं शकेल.

[१०] पत्थरावर कोरलेला लेख व तांब्यावर उठविलेली सनद यांस जपणारे लोक पुष्कळ आहेत. इंग्रजी अमलांतील छापील नमुन्यावर मोडींत भरलेल्या कागदास तसा वाली नाहीं. त्याचा कागद हलका, शाई उडणारी, आणि ज्यांच्या घरीं तो असतो त्यांस त्याचा आतां कांहीं उपयोग नाहीं. मलकापुरापासून धामणगांवापर्यंत रुळालगतच्या गांवांतील जुन्या पाटील, पटवारी, देशमुख व इनामदार घराण्यांचीं दफ्तरें जे पाहतील त्यांस आमची विनंती अशी कीं, हा गठ्ठा वेगळा काढावा, प्रत्येक कागदाचें गांव, शेत, सन, मोबदला घेणाराचें नांव व खातें यांची नोंद करावी, आणि तिची नक्कल संशोधन मंडळाच्या संग्रहांत ठेवावी. सनदेंत राजानें काय दिलें तें कळतें. या पावत्यांत रयतेचें काय गेलें व तिच्या हातीं काय आलें तें कळेल. वऱ्हाडच्या इतिहासास दोन्हींची सारखीच गरज आहे.